पडद्यावरचे मराठी पुस्तक



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजले जाते त्यांचा मी विद्यार्थी होतो. येथे उभे राहण्याची माझी पात्रता एवढीच. विषय मात्र संस्थेने दिला आहे. टॅब्लेट आणि डिजिटल पाठ्यपुस्तके यांचा वर्गातील अध्यापनात उपयोग, असे निमंत्रणपत्रिकेत छापले आहे. संतवाङ्मयाच्या हस्तलिखितांत ज्याने आयुष्यभर डोळे शिणवले त्याला हा विषय देण्यात चिटणीसांनी थोडा खट्याळपणा केला असावा, अशी मला शंका आहे. परंतु विचार करू लागलो तसे ध्यानात आले, की गुरुजींविषयी बोलण्याचा याहून जवळचा रस्ता नाही.

१ मे १९६० रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याची दोन राज्ये झाली आणि बडोदे गुजरातेत राहिले. त्या जूनमध्ये मी याच शाळेत पाचवीत होतो. शाळा भरली, हजेरी झाली, पण मराठीचे पुस्तक आले नाही. पुस्तके कोठे अडली होती आणि दोष कोणाचा होता, या चौकशीत आज शिरण्याचे कारण नाही. दिवाळीची सुटी तोंडावर आली तरी ती आली नव्हती, हे मात्र खरे. गुरुजींनी कोणाकडून तरी एक प्रत मिळवली. रोज रात्री ते एकेक पाठ स्टेन्सिलवर लोखंडी लेखणीने कोरीत आणि सकाळी कचेरीतल्या चक्रमुद्रण यंत्रावर त्याच्या चाळीस प्रती काढीत. जोडाक्षराशी लेखणी जास्त दाबली गेली की स्टेन्सिल फाटे. म्हणून ‘राष्ट्र’, ‘वैशिष्ट्य’ असे शब्द ते जरा मोठे, अवयव सुटे दिसतील असे काढीत. दुसऱ्या तुकडीला तेच कागद द्यायचे असल्याने आम्ही मुले तो पाठ वहीत उतरवून घेत असू. ‘ष्ट्य’मध्ये कोण कोणाच्या खांद्यावर बसले आहे हे मी व्याकरणाच्या पुस्तकात नव्हे, त्या फाटक्या स्टेन्सिलवर शिकलो.

पुस्तकावाचून काढलेले सहा महिने ज्याने पाहिले आहेत, तो पडद्यावरच्या पुस्तकाला नाके मुरडणार नाही. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या ‘बालभारती’ची पाठ्यपुस्तके आज कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद येथे मराठी शिकवणाऱ्या शिक्षकाला पूरक वाचनासाठी आता पुण्याच्या पार्सलाची वाट पाहावी लागत नाही. हे उपकार लहान नाहीत. माझी तक्रार आहे ती पुढची आहे, आणि ती नीट समजावी म्हणून मी जे पाहिले ते आधी सांगतो.

गेल्या महिन्यात मुख्याध्यापिकाबाईंच्या अनुमतीने मी सातवीच्या मराठीच्या वर्गात दोन दिवस मागच्या बाकावर बसलो. माजी विद्यार्थी संघाने दिलेले वीस टॅब्लेट आणि चौतीस मुले. दोन टॅब्लेटांची बॅटरी उतरलेली होती आणि तासाची पहिली दहा मिनिटे पुस्तक उघडण्यातच गेली. पण नवी वस्तू रुळेपर्यंत असे व्हायचेच, मी त्याला दोष देत नाही. पाठात रायगडाचे वर्णन होते. बाईंनी टकमक टोकाचे छायाचित्र पडद्यावर आणले. पावागड हाच ज्यांच्या कल्पनेतला डोंगर, अशी ती मुले. सह्याद्रीचा तो सरळ तुटलेला कडा पाहून वर्ग क्षणभर गप्प झाला. मीही गुरुजींकडून हाच गड ऐकला होता, पण तो मला कॉलेजात जाईपर्यंत पावागडासारखाच दिसत असे.

तिसऱ्या रांगेत एक मुलगी बसली होती. तिची दृष्टी अधू आहे. छापील पुस्तक ती नाकाशी धरून वाचते. टॅब्लेटवर अक्षर मोठे होते म्हणून तिला तो आधी देतात. तिने पान मोठे केले. अक्षर मोठे झाले, पण ओळीचा डावा भाग दिसे तेव्हा उजवा पडद्याबाहेर जाई. म्हणून ती प्रत्येक ओळीला बोटाने पान डावीकडे सरकवी, ओळ संपली की पुन्हा उजवीकडे आणी. त्या परिच्छेदात चौदा ओळी होत्या. तिसऱ्या-चौथ्या ओळीपाशी तिचे बोट चुकले, ती भलत्याच ओळीवर उतरली आणि तिने टॅब्लेट शेजारणीकडे सारून छापील पुस्तक नाकाशी धरले.

मधल्या सुटीत मी तो टॅब्लेट मागून घेतला. पाठात ‘तटबंदी’ हा शब्द डोळ्यांसमोर दिसत होता. तो शोधण्याची आज्ञा यंत्राला दिली. यंत्र म्हणाले, असा शब्द या पुस्तकात नाही. मग एक वाक्य उचलून दुसऱ्या कोऱ्या पानावर ठेवून पाहिले, तर तेथे रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा लगदा उमटला. तेव्हा उलगडा झाला. मुलांच्या हाती पुस्तकाचे चित्र होते. त्या चित्रात भाषा नव्हती.

हे असे का होते ते थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण हे ऐकून घेण्याचा कंटाळा आपण मराठी मंडळींनी तीस वर्षे केला आहे. मराठीची छपाई खिळ्यांवरून संगणकावर आली तेव्हा संगणकाला मुळात रोमन अक्षरेच ठाऊक होती. कारागिरांनी तोड काढली. रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचे चित्र बसवले. डोळ्याला ‘क’ दिसे. यंत्राच्या लेखी तेथे एखादे रोमन अक्षरच असे. कागदावर छापायचे असेतो यात काही बिघडत नव्हते. पुढे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक देणारी युनिकोड ही जागतिक संकेतप्रणाली आली. १९९१ च्या तिच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. म्हणजे देवनागरीला पंक्तीत पान पहिल्यापासून मांडलेले होते. जेवायला बसलो नाही ते आपण. जुन्या टंकांत जुळवलेली पाने जशीच्या तशी टॅब्लेटवर चढवली आणि त्यांना डिजिटल पुस्तक म्हटले. तेच पान खऱ्या मजकुराचे असते, तर अक्षर मोठे करताच ओळी पडद्याच्या मापाने नव्याने मांडल्या गेल्या असत्या आणि त्या मुलीचे बोट चुकले नसते. शब्द शोधता आला असता. अवघड शब्दावर बोट ठेवताच कोशातला अर्थ समोर आणता आला असता. यंत्राला तो पाठ वाचून दाखवता आला असता. घरी आजीखेरीज मराठी कोणी बोलत नाही, अंगणात गुजराती आणि शिकवणीला इंग्रजी, अशा मुलाला ही मदत मोलाची आहे. पुण्या-साताऱ्याच्या मुलाला तिची तेवढी गरज नाही. आपल्याला आहे.

आजवर आपण किमतीचीच चर्चा केली. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत ‘आकाश’ नावाचा स्वस्त टॅब्लेट वाजतगाजत प्रकाशित झाला, तेव्हा सर्वांना वाटले की आता शिक्षणाची कोंडी फुटली. त्याच्या चार वर्षे आधी, २००७ मध्ये, रायगड जिल्ह्यातील खैरात येथील लहानशा शाळेत ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातील पहिला प्रयोग सुरू झाला होता. ही योजना सर्वांत मोठ्या प्रमाणावर पेरू देशाने राबवली. तेथील ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. यंत्रे मुलांच्या हाती पोहोचली होती, मुले ती वापरीतही होती. परंतु भाषा आणि गणित यांच्या चाचण्यांत फरक आढळला नाही. मला याचे आश्चर्य वाटत नाही. पाटी दिली म्हणून कोणी लिहू लागत नाही.

ज्यांच्याकडे पैसा आणि यंत्रे यांची वाण नव्हती त्या देशांतही माघार झाली आहे. २०२३ मध्ये स्वीडनच्या सरकारने शाळांना पुन्हा छापील पुस्तके घेता यावीत म्हणून ६८ कोटी ५० लाख क्रोनर वेगळे काढले. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सर्व पाठ्यपुस्तके डिजिटल करण्याचा संकल्प सोडला होता; पुढे मार्च २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धीची जोड असलेली पाठ्यपुस्तके काही इयत्तांत सुरू केली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तेथील संसदेने त्यांचा पाठ्यपुस्तकाचा दर्जा काढून त्यांना पूरक साहित्यात बसवले. एका सत्राचे आयुष्य! ही उदाहरणे टॅब्लेटविरोधकांच्या तोंडी फार असतात, म्हणून मी ती जपूनच घेतो. स्वीडनची माघार ही ज्यांची ग्रंथालये भरलेली आहेत त्यांची माघार आहे. आपल्याला मागे जायला तेवढी जागाच नाही.

त्यापेक्षा मला एक शांत अभ्यास अधिक उपयोगी वाटला. २०१८ मध्ये स्पेन आणि इस्राएल येथील अभ्यासकांनी कागदावरील व पडद्यावरील वाचनाची तुलना करणारे ५४ अभ्यास एकत्र तपासले. वाचकांची एकूण संख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती. माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो, आणि वेळेचे बंधन असेल तर हा फरक वाढतो, असे दिसले. कथेच्या बाबतीत मात्र असा फरक दिसला नाही. आणखी एक गोष्ट त्यांना आढळली. पडदे जुने झाले, लोकांना सवय झाली, तरी गेल्या वीस वर्षांत हा फरक कमी झालेला नाही. आपण नेमके उलटे करतो. इतिहास-भूगोलाचा जड मजकूर टॅब्लेटवर आणि गोष्टींची पुस्तके कपाटात कुलूपबंद.

आता लेखनाकडे वळतो. हा माझ्या जिव्हाळ्याचा भाग आहे, थोडा वेळ अधिक घेईन.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मुलांना टॅब्लेटवर पाच वाक्ये लिहायला सांगितली. मुलांनी ती रोमन अक्षरांत लिहिली. एक मुलगा ‘के, ए, एल’ असे टंकित करी आणि यंत्र त्याच्यापुढे पर्याय मांडी. ‘कल’, ‘काल’, ‘कळ’, ‘काळ’ या चारही शब्दांना तीच तीन अक्षरे पुरतात. यंत्राने जो पहिला दाखवला तो मुलाने घेतला. त्याचा ‘काळ’ ‘काल’ झाला आणि त्याच्या ते ध्यानातही आले नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांचेही तेच. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत अर्थाचा केवढा फरक आहे हे या सभेला सांगायला नको; एकांना श्रीफळ द्यायचे असते, दुसऱ्यांना मजुरी. यंत्राने अंदाज करायचा आणि मुलाने मान डोलवायची, याला मी लेखन म्हणू शकत नाही. मराठीच्या ‘ळ’ला, ‘ण’ला, त्या ‘ऱ्य’ला रोमन लिपीत स्वतःचे घर नाही. जे मूल रोजचे मराठी रोमनमधून लिहिते, त्याच्या मनातून ही अक्षरे आधी जातात. उच्चार मागाहून जातात.

येथे मी टॅब्लेट बंद करा असे म्हणेन, अशी काही ज्येष्ठ मंडळींची अपेक्षा दिसते. मी तसे म्हणणार नाही. इन्स्क्रिप्ट नावाचा देवनागरी कळफलक आहे. १९९१ च्या भारतीय मानकात तो समाविष्ट आहे आणि फुकट मिळतो. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी तो शिकलो. त्यात स्वर आणि त्यांच्या मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. ‘क’च्या कळीवरच ‘ख’, ‘ग’च्या कळीवरच ‘घ’. ‘ल’च्या मागे ‘ळ’, ‘र’च्या मागे मराठीचा तो ‘ऱ’. आपली वर्णमाला ज्या शास्त्राने रचली तेच शास्त्र येथे बोटांखाली येते. ‘क्ष’ हवा असेल तर ‘क’, मग हलन्त, मग ‘ष’ दाबावा लागतो. यंत्र ते जोडून देते. गुरुजींच्या स्टेन्सिलवर मी जे शिकलो तेच मला पुन्हा भेटले. एका पिढीला लोखंडी लेखणीने जोडाक्षराची फोड शिकवली, दुसरीला कळफलक शिकवू शकेल. अट एवढीच की मुलाने रोमनच्या पायवाटेने जाऊ नये.

ओघात आणखी एक बारीकशी गोष्ट. त्या वर्गातल्या वह्यांत मला ‘ल’ आणि ‘श’ दोन-दोन तऱ्हांचे दिसले. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये वर्णमालेविषयी निर्णय काढून मराठीचा पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ठरवून दिला. टॅब्लेटवर मात्र पुष्कळदा हिंदीच्या वळणाचे टंक असतात. मूल पडद्यावर एक वळण पाहते, फळ्यावर दुसरे. टंक बदलणे हे दोन मिनिटांचे काम आहे. ज्यांना येते त्यांनी आजच ते करून टाकावे.

शिक्षणात नवे यंत्र पाहून दिपून जाण्याची या शहराला गरज नाही, कारण यंत्रे येथे फार पूर्वी येऊन गेली. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ पासून तो राज्यभर नेला. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला आणले. लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये खेड्यापाड्यांत गेली. त्याच ग्रंथालय खात्यात दृश्य शिक्षणाची एक शाखा होती. जादूचा कंदील, दोन डोळ्यांनी पाहिले की चित्राला खोली येते ते स्टिरिओस्कोप, आणि हलती चित्रे घेऊन खात्याची माणसे गावोगाव जात. शंभर वर्षांपूर्वीचा हा टॅब्लेटच म्हणा ना. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की कंदील आणि पुस्तकाची पेटी एकाच खात्यातून निघत. कंदील आला म्हणून महाराजांनी पेट्या बंद केल्या नाहीत. ते कंदील आज वापरात नाहीत. मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय अद्याप उभे आहे.

हे मी का सांगतो आहे ते अध्यक्षमहाराजांच्या ध्यानात आले असेल. माजी विद्यार्थी संघ आणखी चाळीस टॅब्लेट देणार आहे आणि त्यांच्यासाठी ‘डिजिटल वर्ग’ करावा म्हणून शाळेच्या ग्रंथालयाची खोली रिकामी करण्याचा विचार चालू आहे, असे मला समजले. देणगीदारांपैकी काही माझे विद्यार्थी आहेत. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पाहुण्याने यजमानाच्या घरातील कपाटे कोठे ठेवावीत हे सांगू नये, हेही मला कळते. तरीही सांगतो. ती खोली रिकामी करू नका. टॅब्लेटला खोली लागत नाही, हाच तर त्याचा गुण आहे! कपाटांची कुलुपे काढा, टॅब्लेट त्याच टेबलांवर ठेवा आणि मुलांना दोन्हींत हात घालू द्या.

आणि चाळीसांऐवजी तीसच टॅब्लेट घ्या. उरलेल्या पैशांत एक काम करण्यासारखे आहे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांना मोकळे होते. हरिभाऊ आपटे, बालकवी हे केव्हाच मोकळे झाले. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. त्यांची पुस्तके २०११ च्या आरंभापासून मोकळी आहेत. आपल्या बडोद्याचे राजकवी चंद्रशेखर १९३७ मध्ये गेले. त्यांच्या कविता येथल्या मुलांना अनोळखी आहेत. या सर्वांतले निवडक शंभर पाठ आणि कविता खऱ्या मजकुराच्या रूपात, अक्षर अन् अक्षर टंकित करून, नीट मुद्रिते तपासून मुलांच्या टॅब्लेटवर घालायच्या. येथे बसलेल्या आजीबाईंपैकी ज्यांचे वाचन चांगले आहे त्यांनी ते पाठ मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करून द्यायचे. यंत्राचा आवाज चालेल, पण ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन-दोन उच्चार, ‘चहा’तला आणि ‘चमचा’तला, मुलांनी माणसाच्या तोंडून ऐकावेत असे मला वाटते. पाठ्यपुस्तक मंडळांकडे खऱ्या मजकुराची पुस्तके मागणारे पत्र संस्थेने जरूर लिहावे; मसुदा मी करून देतो. पण त्या पत्राचे उत्तर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याची या शाळेची रीत नाही, हे १९६० मध्ये आम्ही पाहिले आहे.

नमुन्यादाखल मी एक पाठ टंकित करून आणला आहे. तीन पाने व्हायला मला चार संध्याकाळी लागल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी मुद्रित तपासले तेव्हा त्यात सतरा चुका निघाल्या. त्यांतल्या अकरा ऱ्हस्वदीर्घाच्या, आणि मी मराठीचा प्राध्यापक होतो! काल तो पाठ आम्ही त्या तिसऱ्या रांगेतल्या मुलीच्या टॅब्लेटवर घातला. तिने अक्षर तिला हवे तेवढे मोठे केले. एका ओळीत तीनच शब्द मावत होते, पण ओळी खाली खाली उतरत होत्या आणि बोट एकाच दिशेने जात होते. तिने पाठ शेवटापर्यंत वाचला, आणि मग मला विचारले, ‘सर, दुसरा कधी येणार?’

मी शनिवारी सकाळी नऊ वाजता ग्रंथालयाच्या खोलीत बसणार आहे. ज्यांना कळफलक शिकायचा आहे त्यांनी यावे. येत असेल त्यांनी तर यावेच.